ड्रोनयुद्ध आणि भूदलाची रणनीती : मे २०२५ मधील चार दिवसांचा धडा

नवी दिल्ली – १० मे २०२५ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई विभागाच्या महासंचालकांनी भारताच्या लष्करी कारवाई महासंचालकांशी दूरध्वनीवरून संपर्क साधला. त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजल्यापासून जमिनीवरील, हवेतील आणि समुद्रातील सर्व लष्करी कारवाई थांबविण्याचे उभय बाजूंनी मान्य केले. ७ मेच्या पहाटे सुरू झालेल्या या संघर्षात दोन्ही देशांच्या भूदलांनी सीमा ओलांडली नाही. तरीही लेहपासून कच्छच्या सर क्रीकपर्यंतच्या आकाशात शेकडो ड्रोन आले आणि त्यांना पाडण्याचे काम प्रामुख्याने जमिनीवर तैनात असलेल्या जवानांनी, तोफांनी आणि रडारांनी केले. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील संघर्षात एवढ्या मोठ्या प्रमाणावर ड्रोनचा वापर होण्याची ही पहिलीच वेळ होती.

या चार दिवसांनंतर ड्रोन हे यापुढील युद्धाचे सर्वस्व ठरेल का, हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. घटनाक्रमाचा आणि त्याआधीच्या दोन परदेशी युद्धांचा बारकाईने विचार केला असता वेगळे उत्तर मिळते. ड्रोन हे एक साधन आहे; निर्णायक ठरते ती त्यामागील साखळी. शत्रूला पाहणे, ओळखणे, निर्णय घेणे, प्रहार करणे आणि नष्ट झालेल्या सामग्रीच्या जागी नवी सामग्री तत्काळ उभी करणे, हे या साखळीचे पाच दुवे असून त्यांपैकी एक जरी कच्चा राहिला तरी उर्वरित चारांचा उपयोग होत नाही.

ड्रोनचे प्रकार

चालक आत न बसता दूरनियंत्रणाने किंवा आधी ठरवून दिलेल्या मार्गाने उडणाऱ्या विमानास मानवरहित विमान अथवा ड्रोन म्हणतात. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार वजनावरून त्यांचे पाच वर्ग करण्यात आले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो, दोन किलोपर्यंतचे मायक्रो, २५ किलोपर्यंतचे लहान, १५० किलोपर्यंतचे मध्यम आणि त्याहून अधिक वजनाचे मोठे ड्रोन मानले जातात.

लष्करी उपयोगाच्या दृष्टीने मात्र वेगळी विभागणी केली जाते. पहिला प्रकार टेहळणी करणाऱ्या ड्रोनचा. दुसरा प्रकार क्षेपणास्त्रे किंवा बॉम्ब वाहून नेऊन परत येणाऱ्या सशस्त्र ड्रोनचा. तिसरा प्रकार लक्ष्याच्या परिसरात घिरट्या घालून अखेर त्यावरच आदळणाऱ्या आत्मघाती ड्रोनचा. इस्रायली बनावटीचे हारोप हे त्याचे परिचित उदाहरण आहे. चौथा प्रकार स्वस्त, बहुधा शस्त्रहीन ड्रोनचा असून शत्रूला हुलकावणी देणे आणि त्याची रडारे व तोफा कोठे आहेत हे उघड करून घेणे एवढेच त्याचे काम असते. मे २०२५ मध्ये या चौथ्या प्रकाराचे महत्त्व विशेषत्वाने जाणवले.

कारगिलपासून जम्मूपर्यंत

भारतीय भूदलाला आकाशातील डोळ्यांची उणीव प्रथम तीव्रतेने भासली ती १९९९ मध्ये. कारगिलच्या शिखरांवर झालेल्या घुसखोरीची पहिली खबर स्थानिक मेंढपाळांकडून मिळाली होती. युद्धानंतर नेमण्यात आलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीने टेहळणीच्या साधनांतील त्रुटींवर बोट ठेवले आणि मानवरहित विमानांची गरज अधोरेखित केली. त्यानंतर इस्रायलकडून घेतलेली सर्चर आणि हेरॉन ही विमाने दीर्घकाळ सैन्याचा आधार ठरली. देशी बनावटीच्या निशांत या विमानाचा प्रयत्न मात्र अपघातांमुळे फारसा पुढे जाऊ शकला नाही.

सप्टेंबर २०१९ पासून पंजाबच्या सीमावर्ती भागात पाकिस्तानातून ड्रोनद्वारे शस्त्रे आणि अमली पदार्थ टाकले जात असल्याचे उघड झाले. २७ जून २०२१ रोजी जम्मू येथील हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून दोन कमी तीव्रतेचे स्फोटक टाकण्यात आले. त्यात एका इमारतीच्या छताचे नुकसान झाले आणि हवाई दलाचे दोन कर्मचारी किरकोळ जखमी झाले. हानी अल्प होती. परंतु बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांपासून तयार केलेले यंत्र लष्करी तळापर्यंत पोहोचू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. ड्रोनविरोधी यंत्रणेच्या उभारणीला त्यानंतर वेग आला.

चार दिवसांचा घटनाक्रम

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा मृत्यू झाला. त्यास प्रत्युत्तर म्हणून ७ मेच्या पहाटे भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ अंतर्गत पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधील दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवर हल्ले केले. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी नवी दिल्लीत या कारवाईची माहिती दिली.

७ आणि ८ मेच्या मधल्या रात्री पाकिस्तानने श्रीनगर, जम्मू, पठाणकोट, अमृतसर, आदमपूर, भटिंडा, चंदीगड, फलोदी, भूज यांसह उत्तर आणि पश्चिम भारतातील १५ ठिकाणच्या लष्करी लक्ष्यांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला करण्याचा प्रयत्न केला. एकात्मिक ड्रोनविरोधी यंत्रणा आणि हवाई संरक्षण व्यवस्थेने हे हल्ले निष्फळ ठरविल्याचे सरकारने सांगितले. ८ मेच्या सकाळी भारताने लाहोरसह अनेक ठिकाणच्या पाकिस्तानी हवाई संरक्षण रडारांना लक्ष्य केले. त्या दिवशी भारताने पाठविलेली २५ हारोप ड्रोन पाडल्याचा दावा पाकिस्तानी लष्कराने केला.

८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन आले. त्यांच्या अवशेषांच्या प्राथमिक तपासणीत ती तुर्कस्तानच्या असिसगार्ड कंपनीची सोनगार ड्रोन असल्याचे आढळले. भारताच्या हवाई संरक्षण व्यवस्थेची चाचपणी करणे आणि माहिती गोळा करणे हा या ड्रोनचा संभाव्य हेतू असल्याचे ९ मेच्या वार्ताहर परिषदेत सांगण्यात आले. तिसऱ्या रात्री बारामुल्लापासून भूजपर्यंत २६ ठिकाणी पुन्हा ड्रोन दिसले. १० मे रोजी भारताने रावळपिंडीजवळच्या नूर खानसह पाकिस्तानच्या अनेक हवाई तळांवर मारा केला आणि त्याच दिवशी दुपारी वर उल्लेखिलेला दूरध्वनी आला.

जाळे नवे, तोफा जुन्या

या रात्रींमध्ये ड्रोन पाडण्यात ज्या शस्त्रांनी मोठा वाटा उचलला, त्यांत मूळ स्वीडनच्या बोफोर्स कंपनीच्या बनावटीची ४० मिलिमीटरची एल-७० तोफ, सोव्हिएत काळातील दुहेरी नळ्यांची २३ मिलिमीटरची झू-२३ आणि चार नळ्यांची स्वयंचलित शिल्का यांचा समावेश होता. यांतील काही शस्त्रे सैन्यात दाखल होऊन अनेक दशके लोटली आहेत. एल-७० तोफांना आधुनिक दृष्टियंत्रे आणि लक्ष्याचा स्वयंचलित मागोवा घेणारी प्रणाली बसविण्यात आली होती. कमी उंचीवरून मंद गतीने येणाऱ्या लहान लक्ष्यावर मिनिटाला शेकडो गोळे झाडू शकणारी तोफ हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय ठरला. त्याच वेळी लढाऊ विमाने आणि क्षेपणास्त्रांसाठी देशी आकाश क्षेपणास्त्र आणि २०१८ च्या करारानुसार रशियाकडून घेतलेली एस-४०० प्रणाली राखून ठेवता आली.

तथापि या तोफांना योग्य वेळी योग्य दिशा दाखविण्याचे काम नव्या जाळ्याने केले. ‘आकाशतीर’ हे त्या जाळ्याचे नाव असून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील गाझियाबाद येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडच्या केंद्राशी त्याचा थेट संबंध आहे. संरक्षण मंत्रालयाने २९ मार्च २०२३ रोजी या प्रकल्पासाठी या कंपनीशी १ हजार ९८२ कोटी रुपयांचा करार केला होता.

आकाशतीरचे कार्य समजून घेण्यासाठी पूर्वीची पद्धत लक्षात घ्यावी लागते. पूर्वी एका ठिकाणच्या रडारला जे दिसे, ते संदेशाद्वारे पुढे कळविले जात असे आणि प्रत्येक तुकडी आपल्यापुरते चित्र मनाशी जुळवीत असे. आकाशतीरमध्ये भूदलाच्या निरनिराळ्या रडारांकडून येणारी माहिती एकत्र होऊन सर्वांसमोर एकच चित्र उभे राहते. हे चित्र हवाई दलाच्या एकात्मिक नियंत्रण प्रणालीशीही जोडलेले असते. आकाशात दिसणारा ठिपका शत्रूचा आहे की आपलाच, तो कोणत्या तोफेच्या पल्ल्यात येणार आहे आणि त्यावर कोणी मारा करावयाचा, हे त्यामुळे कमी वेळात ठरते. एकाच ड्रोनवर चार ठिकाणांहून दारूगोळा खर्ची पडणे किंवा चुकून आपल्याच विमानावर गोळीबार होणे या दोन्ही गोष्टी टळू शकतात.

दुसरा उपाय इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्राचा. ड्रोन आणि त्याचा चालक यांच्यातील रेडिओ दुवा अथवा उपग्रहाकडून येणारा दिशादर्शक संकेत जॅमरद्वारे तोडला की ड्रोन भरकटते किंवा खाली येते. नवी दिल्लीतील माणेकशॉ सेंटर येथे १६ जुलै २०२५ रोजी झालेल्या कार्यशाळेत संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी, पाकिस्तानने वापरलेल्या शस्त्रहीन आणि आत्मघाती ड्रोनपैकी बहुतेक ड्रोन या दोन्ही उपायांनी निष्प्रभ करण्यात आल्याचे सांगितले. काही ड्रोन तर जवळजवळ अखंड स्थितीत हाती लागले. लष्करी किंवा नागरी पायाभूत सुविधांचे त्यांच्यामुळे नुकसान झाले नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. कालच्या शस्त्रांनी आजचे युद्ध जिंकता येणार नाही आणि परदेशी तंत्रज्ञानावरील अवलंबित्वामुळे आपली सज्जता दुबळी होते, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

खर्चाचे गणित

ड्रोनने युद्धात आणलेला सर्वांत मोठा बदल आर्थिक आहे. इराणी बनावटीच्या शाहेद-१३६ या आत्मघाती ड्रोनची किंमत २० हजार ते ५० हजार डॉलरच्या दरम्यान असल्याचा अंदाज आहे, तर ते पाडण्यासाठी पॅट्रियट प्रणालीचे एक क्षेपणास्त्र वापरल्यास सुमारे ४० लाख डॉलर खर्च होतात. संरक्षण करणाऱ्याने प्रत्येक ड्रोन पाडले तरी त्याचा साठा आणि तिजोरी आधी रिकामी होण्याचा धोका असतो. हल्ला करणाऱ्याला म्हणूनच प्रत्येक ड्रोन लक्ष्यावर पोहोचण्याची आवश्यकता भासत नाही.

या गणितामुळेच हवाई संरक्षणाची रचना अनेक थरांची करावी लागते. बाहेरच्या थरात दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे, मधल्या थरात मध्यम पल्ल्याची, आतल्या थरात खांद्यावरून डागावयाची क्षेपणास्त्रे आणि तोफा, तर सर्वांत आत जॅमर आणि लेसर, अशी ही मांडणी असते. लेसरच्या प्रत्येक प्रहाराचा खर्च अत्यल्प असल्याने त्याकडे विशेष लक्ष दिले जात आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने, अर्थात डीआरडीओने, १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे ३० किलोवॉट क्षमतेच्या लेसर अस्त्राची यशस्वी चाचणी घेतली. धुके, धूळ आणि पाऊस यांत लेसरची परिणामकारकता घटते, ही त्याची मर्यादा आहे.

परदेशातील दोन युद्धे

२७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या ४४ दिवसांत नागोर्नो-काराबाखमध्ये अझरबैजानने आर्मेनियाविरुद्ध तुर्कस्तानची बायरक्तार टीबी-२ आणि इस्रायलची हारोप ड्रोन वापरली. त्याआधी जुनी एएन-२ ही पंख्याची विमाने चालकाविना आर्मेनियाच्या ठाण्यांवर पाठविण्यात आली. त्यांच्यावर मारा करण्यासाठी आर्मेनियाची हवाई संरक्षण केंद्रे कार्यरत होताच त्यांची ठिकाणे उघड झाली आणि पाठोपाठ आलेल्या ड्रोनने ती नष्ट केली. मे २०२५ मध्ये भारताच्या सीमेवर आलेल्या शस्त्रहीन ड्रोनचे कार्यही याच जातीचे होते. अशा वेळी सर्व रडार एकाच वेळी सुरू न करणे, स्वस्त लक्ष्यावर स्वस्त शस्त्रच वापरणे आणि संयम राखणे हा रणनीतीचा भाग बनतो.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर ड्रोनयुद्धाचे स्वरूप आणखी पालटले. प्रारंभी टीबी-२ सारख्या मोठ्या ड्रोनची चर्चा झाली; पुढे मात्र काही शे डॉलर किमतीची, चालकाला समोरचे दृश्य थेट दाखविणारी एफपीव्ही ड्रोन आघाडीवर सर्वत्र दिसू लागली. युक्रेनने २०२४ या वर्षासाठी दहा लाख ड्रोन बनविण्याचे लक्ष्य जाहीर केले आणि त्याच वर्षी मानवरहित प्रणालींसाठी सैन्याची स्वतंत्र शाखा स्थापन केली. आघाडीपासून अनेक किलोमीटर आतपर्यंत दिवसा रणगाडा, मालमोटार किंवा जवानांची तुकडी दिसताच त्यावर ड्रोन येऊ लागले. त्यामुळे मोठ्या संख्येने रणगाडे एकत्र आणून मुसंडी मारण्याची जुनी पद्धत अत्यंत जोखमीची झाली.

जॅमिंग वाढताच त्यावरही तोड निघाली. बारीक काचतंतूची दोरी मागे सोडत जाणारी आणि तिच्यातूनच संदेश घेणारी ड्रोन २०२४ पासून वापरात आली. रेडिओ दुवाच नसल्याने त्यांच्यावर जॅमर चालत नाही. अशा ड्रोनला प्रत्यक्ष पाडावेच लागते. जुन्या तोफांचे महत्त्व का टिकून आहे, याचे हे एक उत्तर आहे. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींमध्ये लपवून नेलेली ११७ ड्रोन रशियाच्या अंतर्भागातील हवाई तळांवर सोडली. सीमेपासूनचे अंतर म्हणजे सुरक्षितता, हा समजही या घटनेने मोडीत काढला.

भारतीय भूदलातील बदल

कारगिल विजय दिनी, २६ जुलै २०२५ रोजी, द्रास येथे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी भूदलाच्या रचनेतील बदलांची घोषणा केली. पायदळ, चिलखती दल, तोफखाना, विशेष दले आणि मानवरहित विमाने यांना एकत्र आणणाऱ्या ‘रुद्र’ ब्रिगेड, सीमेवर जलद कारवाईसाठी ‘भैरव’ या हलक्या कमांडो बटालियन, तोफखान्यात ‘शक्तिबाण’ रेजिमेंट आणि ‘दिव्यास्त्र’ बॅटऱ्या, तसेच पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून असे या बदलांचे स्वरूप आहे.

यातील मध्यवर्ती कल्पना अशी की, ड्रोन हे वरिष्ठ मुख्यालयाकडून मागवावयाचे दुर्मीळ साधन न राहता दुर्बीण किंवा मशीनगनप्रमाणे प्रत्येक तुकडीच्या हाताशी असावे. टेकडीपलीकडे काय आहे हे बटालियनच्या अधिकाऱ्याला स्वतः पाहता आले, तर गस्ती तुकडीचा जीव धोक्यात घालण्याचे अनेक प्रसंग टळतात. तोफखान्याच्या बाबतीत ड्रोनने लक्ष्य दाखवावे आणि तोफेने मारा करावा, ही जोडी युक्रेनमध्ये परिणामकारक ठरली आहे.

उपक्रम केवळ दिल्लीतील मुख्यालयातूनच सुरू झाले असे नाही. पठाणकोट येथील एका ब्रिगेडने चंदीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेच्या सहकार्याने रणगाडाविरोधी स्फोटक वाहून नेणारे एफपीव्ही ड्रोन स्वतः जुळविले. मार्च २०२५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. एका ड्रोनचा खर्च सुमारे १ लाख ४० हजार रुपये आहे. रणगाड्याची किंमत कोटींमध्ये असते, हे ध्यानात घेतल्यास या आकड्याचे महत्त्व कळते.

भारताच्या सीमांवर भूप्रदेशाचाही विचार करावा लागतो. पंजाबच्या सपाट मैदानात उडणारे ड्रोन लडाखमध्ये तसेच उडेल याची खात्री नसते. विरळ हवेत पंख्यांना पुरेसा आधार मिळत नाही, कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि दऱ्यांमधील वारे दिशा बदलतात. त्यामुळे वाहून नेता येणारे वजन आणि उड्डाणाचा कालावधी दोन्ही घटतात. युक्रेनच्या मैदानातील धडे हिमालयात जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

महाराष्ट्राचा वाटा

या क्षेत्रात महाराष्ट्रातील उद्योग आणि लष्करी संस्था यांचे स्थान महत्त्वाचे आहे. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज समूहातील इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज लिमिटेड या कंपनीने ‘नागास्त्र-१’ हे देशी आत्मघाती ड्रोन तयार केले असून भूदलाने अशा ४८० ड्रोनची मागणी नोंदविली होती. त्यांपैकी पहिली १२० ड्रोन जून २०२४ मध्ये सुपूर्द करण्यात आली. नऊ किलो वजनाचे हे ड्रोन जवान पाठीवर वाहून नेऊ शकतो. ते सुमारे ३० मिनिटे उडते, एक किलो स्फोटक वाहते आणि लक्ष्य न मिळाल्यास पॅराशूटच्या साहाय्याने परत उतरविता येते.

याच समूहाच्या ‘भार्गवास्त्र’ या प्रणालीची चाचणी १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपालपूर येथे झाली. ड्रोनच्या थव्यावर छोट्या रॉकेटांचा मारा करणारी ही प्रणाली अडीच किलोमीटरपर्यंतच्या लक्ष्यासाठी आहे. मुंबईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या नवी मुंबईच्या आयडियाफोर्ज कंपनीचे ‘स्विच’ हे टेहळणी ड्रोन भूदलाने २०२१ मध्ये घेतले. नाशिक येथे भूदलाच्या हवाई शाखेचे प्रशिक्षण केंद्र असून जवळच देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण दिले जाते. ड्रोन आणि तोफ यांची सांगड घालणारे अधिकारी घडविण्याच्या दृष्टीने ही दोन्ही केंद्रे मोलाची आहेत.

कच्चा दुवा सुट्या भागांचा

शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोन आणि त्यांच्या घटकांसाठी १२० कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना जाहीर केली आणि ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांना त्यातून वगळण्यात आले. सुट्या भागांच्या आयातीवर मात्र बंदी नव्हती. परिणामी देशात जुळणी वाढली तरी मोटार, बॅटरी, कॅमेरा आणि नियंत्रक चकत्या यांसाठी परदेशावर, विशेषतः चीनवर, अवलंबून राहावे लागले. चिनी घटक आढळल्याने भूदलासाठीच्या ४०० ड्रोनचे करार रद्द करण्यात आल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अवलंबित्वाचे दोन धोके आहेत. पहिला, परक्या चकतीतून ड्रोनचे ठिकाण किंवा चित्रण शत्रूला कळू शकते. दुसरा, ऐन युद्धकाळात पुरवठा थांबू शकतो. चीनने सप्टेंबर २०२३ पासून काही ड्रोन आणि त्यांच्या घटकांच्या निर्यातीवर, तर एप्रिल २०२५ पासून शक्तिशाली चुंबकांसाठी लागणाऱ्या काही दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ड्रोनच्या मोटारीत अशी चुंबके असतात. भूदलाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंग यांनी ४ जुलै २०२५ रोजी नवी दिल्लीतील एका कार्यक्रमात, मे महिन्यातील संघर्षाच्या वेळी पाकिस्तानला चीनकडून ताजी माहिती मिळत होती, असे सांगितले होते. ज्या देशाविषयी हे सांगण्यात आले त्याच देशातून ड्रोनचे घटक येत राहणे, ही या साखळीतील उघड विसंगती आहे.

तातडीची खरेदी त्यानंतर करण्यात आली. २४ जून २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने भूदलासाठी १ हजार ९८१ कोटी ९० लाख रुपयांचे १३ करार झाल्याचे जाहीर केले. ड्रोन शोधून ते निष्प्रभ करणाऱ्या यंत्रणा, आत्मघाती ड्रोन आणि कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रे यांचा त्यांत समावेश होता. परंतु तातडीची खरेदी साठा भरून काढते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या युद्धात दररोज नष्ट होणारी ड्रोन पुन्हा उभी करण्याची क्षमता कारखान्यांतूनच निर्माण व्हावी लागते.

राजधानीचे संरक्षण

सीमेवरील या घडामोडींची झळ मे २०२५ मध्ये राजधानी परिसरालाही जाणवली. ७ मे रोजी देशव्यापी नागरी संरक्षण सरावाचा भाग म्हणून मध्य दिल्लीत रात्री १५ मिनिटे दिवे मालविण्यात आले. नागरी उड्डाणांसाठी बंद ठेवण्यात आलेल्या ३२ विमानतळांमध्ये गाझियाबादच्या हिंडन विमानतळाचा समावेश होता. १० मे रोजी हरयाणातील सिरसाजवळ पाडण्यात आलेले पाकिस्तानी क्षेपणास्त्र दिल्लीच्या दिशेने डागण्यात आले असल्याचे वृत्तही प्रसिद्ध झाले.

दिल्लीसाठी स्वतंत्र हवाई संरक्षण कवचाचा विचार जुना आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये भारताला एकात्मिक हवाई संरक्षण प्रणाली विकण्यास मान्यता दिली होती. तिची अंदाजित किंमत सुमारे १८७ कोटी डॉलर होती. पुढे देशी पर्यायाला प्राधान्य मिळाले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्याजवळ डीआरडीओची ड्रोनविरोधी यंत्रणा तैनात करण्यात आली. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरूनच ‘सुदर्शन चक्र’ मोहिमेची घोषणा करण्यात आली असून २०३५ पर्यंत देशातील महत्त्वाच्या ठिकाणांना संरक्षक कवच देण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. २३ ऑगस्ट २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची क्षेपणास्त्रे आणि लेसर अस्त्र यांना एकत्र जोडणाऱ्या देशी प्रणालीची पहिली चाचणी यशस्वी झाली.

राजधानीच्या बाबतीत धोका केवळ सीमेपलीकडून येतो असे नाही. १० नोव्हेंबर २०२५ रोजी लाल किल्ल्याजवळ झालेल्या स्फोटाच्या तपासात, अटक केलेल्या एका व्यक्तीने ड्रोनमध्ये फेरफार करून हल्ले करण्यासाठी तांत्रिक साहाय्य केल्याचा आरोप राष्ट्रीय तपास संस्थेने केला. दाट वस्ती आणि सतत गजबजलेला विमानतळ असलेल्या शहरात तोफांनी ड्रोन पाडणे किंवा सरसकट जॅमिंग करणे शक्य नसते. खाली पडणारा गोळा आणि भरकटलेले ड्रोन दोन्ही नागरिकांवरच कोसळतात. येथे संरक्षणाचे तंत्र सीमेवरील तंत्राहून भिन्न ठेवावे लागते.

मर्यादा आणि किंमत

ड्रोनमुळे इतर शस्त्रे कालबाह्य झाली, असा निष्कर्ष मे २०२५ च्या घटनाक्रमातून निघत नाही. ८ मे रोजी दिलेल्या अधिकृत माहितीनुसार नियंत्रण रेषेवरील पाकिस्तानी गोळीबारात तोपर्यंत १६ निरपराध व्यक्तींचा मृत्यू झाला होता आणि त्यांत तीन महिला व पाच मुले होती. ही हानी मुख्यतः उखळी आणि अन्य तोफांच्या माऱ्याने झाली. पूंछ परिसराला त्याची सर्वाधिक झळ बसली. आकाशातील ड्रोनकडे देशाचे लक्ष लागलेले असताना सीमेवरील घरांवर जुन्याच पद्धतीचे तोफगोळे पडत होते. तळघरे आणि बंकर यांची गरज जॅमरच्या गरजेइतकीच निकडीची आहे, हे त्यावरून दिसते.

ड्रोन पाडल्याने धोका पूर्णतः संपतो असेही नाही. ९ मेच्या रात्री पंजाबच्या फिरोजपूर जिल्ह्यातील एका गावात ड्रोन कोसळून लागलेल्या आगीत एकाच कुटुंबातील तिघे भाजले. त्यांपैकी एका महिलेचे काही दिवसांनी रुग्णालयात निधन झाले. पायाभूत सुविधा सुरक्षित राहिल्याच्या नोंदीशेजारी ही नोंदही राहील.

भूमी जिंकणे आणि ती राखणे हे काम ड्रोन करू शकत नाही. युक्रेनमध्ये लाखो ड्रोन वापरली जाऊनही खंदकात उभ्या असलेल्या जवानाची जागा कोणत्याही यंत्राने घेतलेली नाही. त्या जवानावर असलेली आकाशातील नजर मात्र आता कधीच हटत नाही. त्याला तग धरता येईल की नाही, हे त्याच्या माथ्यावरील रडारचे जाळे, त्याच्या हातातील जॅमर, मागच्या तोफेला मिळणारी अचूक खबर आणि नागपूर, नवी मुंबई, बंगळूरु किंवा गाझियाबादच्या कारखान्यातून वेळेवर निघणारी सामग्री यांवर अवलंबून राहील. मे २०२५ मध्ये हे जाळे चार दिवस टिकले. तेच चार महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकविण्याची क्षमता उभारणे, हे भूदलाच्या रणनीतीपुढील खरे आव्हान आहे.